मुळशीतली एक रात्र

पुण्याच्या माणसाला मुळशी माहीत असते ती पावसाळ्यापुरती. श्रावणात ताम्हिणीच्या घाटात जायचे, वाटेत भाजलेली कणसे खायची, धबधब्यापाशी सहकुटुंब फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत कोथरूड गाठायचे, एवढाच आपला आणि त्या तालुक्याचा संबंध. मीही त्यातलाच. वीस वर्षे मराठी शिकवीत आहे, ‘मावळ’ हा शब्द वर्गात शेकडो वेळा उच्चारला असेल. पण मावळातल्या घरी रात्रीचा मुक्काम केला तो गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत, आणि तोही पहिल्यांदाच.

माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. (हिंजवडी मुळशी तालुक्यातच मोडते, हे आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना पटवून द्यावे लागते.) त्याचे गाव पौडच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. “सर, नवा आंबेमोहर निघायला अजून वेळ आहे, पण जुना आहे घरात. काकूंना घेऊन याच,” असे तो म्हणाला. आंबेमोहराचे नाव निघाल्यावर आमच्या घरात पुढे चर्चा झाली नाही.

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे हल्ली एकमेकांना चिकटूनच येतात. दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या जाहिराती. त्यांतली चित्रे पाहावीत तर हिरवळीवर गोरीपान मुले चेंडू खेळताहेत. आणि फलकाच्या खाली, खऱ्या गवतात, एखादी म्हातारी म्हैस राखीत बसलेली. पौड मागे पडले आणि मग कुठे भाताची खाचरे दिसू लागली. लोंब्या बाहेर पडल्या होत्या. वाऱ्यावर एक दुधाळ वास येत होता. सौ. म्हणाली, “अहो, आपण उगीच महाबळेश्वरला जातो.”

गावात पोचलो तर तिथे चोरीची चर्चा. तीन दिवसांपूर्वी विहिरीवरची पाण्याची मोटार कोणी उचलून नेली होती. मोटारीतली तांब्याची तार विकली की दोन पैसे मिळतात. पण ज्याची मोटार जाते त्याच्या रब्बीच्या भाजीपाल्यावर पाणी पडते, किंवा खरे म्हणजे पडत नाही. ओटीवर चार माणसे जमली होती. गस्तीच्या पाळ्या लावायचे चालले होते.

विद्यार्थ्याचे आजोबा, सारे त्यांना आबा म्हणतात, ऐंशी ओलांडलेले. ते मला म्हणाले, “गुरुजी, आमच्या आज्याच्या वक्ताला चोरी झाली की माग काढायचे. पायाचा ठसा ज्या गावाच्या शिवंत शिरंल, त्या गावानं चोर द्याया पायजे, न्हाईतर भरून द्याया पायजे.” ही पद्धत मी पुस्तकात वाचलेली होती. रामोशी, जागल्या यांच्यावर गावाची राखण असे, आणि माग शिवेपलीकडे नेऊन दिला की त्यांची जबाबदारी सुटे. पुढे वंशपरंपरेची पाटीलकी गेली, १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. या गावाच्या पोलीस पाटील एक बाई आहेत. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या.

“आणि आता मागाऐवजी हे,” विद्यार्थ्याने खिशातला फोन दाखवला. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ म्हणून सोय आहे. एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करून बोलायचे. गावात जेवढ्यांनी नावे नोंदवली असतील तेवढ्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि बोलणाराचा आवाज ऐकू येतो. आग लागो, बिबट्या येवो, चोर येवो. मला मोठे कौतुक वाटले.

दुपारी आम्ही धरणावर गेलो. मुळशीचे पाणी पाहताना मन शांत होते असे प्रवासवर्णनांत लिहितात, आणि ते खोटे नाही. पण आबा शेजारी असले की शांत होणे कठीण. त्यांनी काठीने पाण्याकडे दाखवले. “तितं आमचं वतन.” १९२१ साली रामनवमीच्या दिवशी इथे सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीचे धरण व्हायचे होते. पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडायचे आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची. पन्नासच्या वर गावांवर हे संकट आले. ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यामागे मावळे उभे राहिले, बायकासुद्धा तुरुंगात गेल्या. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार कोण, तर आपल्याच शेतात जाऊन बसलेला शेतकरी! शेवटी १९२४ मध्ये बापटांनी रुळांवर दगड रचून कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची सजा घेतली. वर्गात मी हा भाग रंगवून सांगतो. जे केले ते त्यांनी झाकले नाही, यावर तर माझे दहा मिनिटांचे भाषण ठरलेले आहे.

आबांना भाषणात रस नव्हता. “त्ये पान्यात गेलं ते दिसतं तरी. ऱ्हायलेलं कुटं गेलं, त्ये दिसत न्हाई.” मग त्यांनी राहिलेल्या जमिनींची हकीकत सांगितली. शहर जवळ आले, भाव चढले, दलाल आले. एकाच तुकड्याचा तिघांशी सौदा, मेलेल्या माणसाच्या नावाने अंगठा, बहिणींना न विचारता विक्री. पैसा आला तसा गेला, आणि ज्यांची जमीन गेली त्यांची पोरे ज्यांनी घेतली त्यांच्या गाडीमागे हिंडू लागली. २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ नावाचा चित्रपट निघाला तेव्हा पुण्यात लोकांनी तो शिट्ट्या वाजवीत पाहिला. मी आबांना विचारले, तुम्ही पाहिलात का? “पायला की. गोळ्या झाडल्याल्या दिसत्यात. अंगठा उठवला त्यो कागूद कुटं दिसतो?”

मोटारीसाठी गस्त घालतात, मग जमिनीसाठी का नाही, असे मी विद्यार्थ्याला विचारले. तो हसला. “घालतो ना सर.” आणि त्याने फोनवर आपला सातबारा काढून दाखवला. दर आठवड्याला तो एकदा पाहतो. आपण क्रिकेटचा धावफलक पाहतो तसा. नाव जागेवर असले की झोपतो.

रात्री पिठले, तांदळाची भाकरी आणि तो आंबेमोहर. मी इतका जेवलो की झोप येईना. दीडच्या सुमारास अंगणात आलो. गस्तीची माणसे दुसऱ्या टोकाला गेली असावीत. इतक्यात खाचरांच्या बांधावरून एक दिवा हलत येताना दिसला. थांबे, पुन्हा पुढे सरके. माझ्या काळजात धस्स झाले. मोटार, तांबे, चोर, दिवसभर तेच कानावर पडले होते. मी ओरडलो, “चोर! चोर!”

पुढचे सारे दोन मिनिटांत घडले. विद्यार्थ्याने फोन लावला, घराघरांतून घंटा वाजल्या, दारे उघडली. तीस-चाळीस माणसे काठ्या घेऊन धावली. मीही धावलो, कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. बांधाखाली विशीतला एक पोरगा चिखलात पडला होता. हिंदीत काहीतरी ओरडत होता, पण चाळीस तोंडांपुढे एकाचे कोण ऐकतो? एक काठी बसली. कानामागून रक्त आले. दुसरी उचलली गेली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते सगळे डवरी गोसावी. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती आणि जमाव कसा विचार करीत नाही यावर तावातावाने बोललो होतो. त्या क्षणी मला त्यातले एक अक्षर आठवले नाही. मी तोंडातून शब्द काढला नाही.

शब्द काढला तो आबांनी. नातसुनेचा हात धरून ते कसे तिथवर आले देव जाणे. “गप ऱ्हावा! आरं, इच्चू म्हनतोय त्यो, इच्चू!”

पोरगा “बिच्छू, बिच्छू” म्हणत होता. आयुष्यभर भाषा शिकवणाऱ्या मला ते ऐकू आले नव्हते. वरच्या अंगाला एका बंगल्याचे बांधकाम चालू होते. तिथला त्याचा सोबती विंचू चावून तळमळत पडला होता, आणि हा फोनच्या उजेडात गाडी मागायला गावाकडे येत होता. काठ्या खाली आल्या. विद्यार्थ्याने जीप काढली आणि दोघांना पौडच्या सरकारी दवाखान्यात नेले. माणूस वाचला. पोराला तीन टाके पडले.

सकाळी पोलीस पाटील बाई वही घेऊन ओटीवर आल्या. गावाचे म्हणणे, मिटले आहे, कशाला लिहिता? सरपंचांच्या घरून चहाही आला. बाईंनी चहा घेतला. म्हणाल्या, “टाके पडलेत. काठी कोणी मारली ते लिहावं लागेल.” सगळे जमिनीकडे पाहू लागले. बऱ्याच वेळाने एक कॉलेजात जाणारा मुलगा पुढे आला. त्याची आई पदर तोंडाला लावून रडू लागली.

“आणि पहिल्यांदा ओरडलं कोण?” बाईंनी विचारले.

विद्यार्थी चटकन म्हणाला, “ते काय, अंधारात कोणीतरी...” पाहुण्याची लाज राखायची, हा त्याचा संस्कार. सौ. माझ्याकडे पाहत होती. “मी,” मी म्हणालो, आणि नाव, पत्ता, कॉलेज सगळे सांगितले. बाईंनी ते सावकाश, सुबक अक्षरात लिहून घेतले. एक ऱ्हस्वदीर्घाची चूक होती. मी काही बोललो नाही.

निघताना आम्ही बांधकामावर गेलो. डोक्याला पट्टी बांधलेला तो पोरगा विटा वाहत होता. एक दिवसाची मजुरी बुडवणे त्याला परवडत नव्हते. माझे हिंदी यथातथाच. मी माफी मागितली. त्याला वाटले, मी मुकादमाकडचा कोणी साहेब आहे. “हो जाएगा साब, शाम तक हो जाएगा,” असे म्हणून तो घाईघाईने पुढची पाटी उचलायला गेला.

आबांनी पिशवीभर तांदूळ दिला. विद्यार्थ्याचा मधूनमधून फोन येतो. त्या मुलाची आणि त्या पोराची पौडला समक्ष गाठ घालून दिली, औषधाचा खर्च त्याच्या बापाने भरला. गस्त चालू आहे. आता पाळीतल्या एकाला हिंदी आलेच पाहिजे असा नियम केला आहे. मोटारीचा पत्ता मात्र अजून लागलेला नाही.