कर्नलचा घास

अमेरिकेच्या आग्नेय भागात नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तेथील एका खेड्यात एका वृद्ध शेतकऱ्याचे घर आहे आणि घरामागे लाकडी पट्ट्यांचे एक जुने कोठार आहे. एके काळी त्या कोठारात मक्याची कणसे वाळत पडत. कणसांच्या मागे उंदीर येत आणि उंदरांच्या मागे साप येत. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके आणि पोटाखाली काळ्यापांढऱ्या चौकटींची नक्षी, असे ते निर्विष साप मोठे देखणे दिसत. ते मक्याच्या कोठारात वावरतात म्हणून म्हणा किंवा त्यांच्या पोटावरील नक्षी रंगीबेरंगी कणसासारखी दिसते म्हणून म्हणा, लोक त्यांना ‘कॉर्न स्नेक’ म्हणजे मक्याचा साप म्हणू लागले. थोर शास्त्रज्ञ लिनीयस याने १७६६ साली या सापाचे वर्णन करून त्याला जे नाव दिले, त्यातील ‘गुट्टाटस’ या शब्दाचा अर्थ ‘ठिपकेदार’ असाच आहे.

त्या शेतकऱ्याने कोठारातील साप कधी मारला नाही. “तो पगार न घेणारा राखणदार आहे,” असे तो म्हणे. पुढे शेती सुटली, कोठार रिकामे झाले आणि राखणदारही निघून गेले.

या शेतकऱ्याचा बारा वर्षांचा नातू मात्र एके दिवशी तसलाच एक राखणदार डबीत घालून घरी घेऊन आला. शेजारच्या गावी कोणीतरी पाळलेल्या मादीने अंडी घातली होती. सुमारे साठ दिवसांनी पिल्ले बाहेर आली. पहिली कात टाकल्यावर ती एकामागून एक खाऊ लागली. एक पिल्लू तेवढे काही केल्या तोंड उघडीना. न खाणारे पिल्लू कोण घेणार? तेच नातवाच्या वाट्याला आले. मक्याच्या दाण्याला इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात. सैन्यातील मोठ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याचा उच्चारही तसाच. म्हणून मुलाने त्याचे नाव ठेवले कर्नल. हुद्दा एवढा मोठा, परंतु वजन अवघे सहा ग्रॅम! लांबी वीतभराहून थोडी अधिक आणि जाडी पेन्सिलीएवढी.

त्या राज्यात असा साप घरी पाळता येतो. भारतात मात्र रानातील साप पकडून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आपली धामण शेतातच शोभते.

मुलाने काचेची पेटी सजविली. तिच्या एका बाजूला ऊब ठेवली व दुसरी बाजू थंड राखली. कारण सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते आणि बाहेरून ऊब मिळाल्यावाचून त्याला अन्न पचत नाही. पाण्याची वाटी ठेवली, लपावयास झाडाची साल ठेवली. मग गोठवलेले उंदराचे पिल्लू ऊन पाण्यात धरून कोमट केले आणि लांब चिमट्याने कर्नलपुढे धरले. अशा डोळे न उघडलेल्या, केस न फुटलेल्या गुलाबी पिल्लाला तिकडे ‘पिंकी’ म्हणतात. कर्नलने दोनदा जीभ बाहेर काढली आणि तोंड फिरवून तो सालीखाली निघून गेला.

असे पाच दिवसांनी झाले आणि दहा दिवसांनीही झाले. मुलाने एक वही केली होती. तीत तो तारीख आणि वजन लिहून ठेवी. सहाचे साडेपाच झाले आणि साडेपाचाचे पाच झाले. इवल्या जिवाच्या अंगचा एक ग्रॅम म्हणजे थोडाथोडका नव्हे! मुलाला रात्री झोप येईनाशी झाली. “आजोबा, मी बळेच त्याच्या तोंडात घास घालू का?” त्याने एके सकाळी रडवेल्या स्वरात विचारले.

आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. ते त्याला अंगणात घेऊन गेले आणि कुंपणाच्या बाकड्यावर बसवून म्हणाले, “कोठारातले मोठे साप उंदीर खात, हे मी पाहिले आहे. पण एवढाली पिल्ले उंदरांच्या मागे असलेली मी कधी पाहिली नाहीत. ती या कुंपणावर असत. कशाच्या शोधात असत, ते आधी पाहा.”

मुलगा पाहत बसला. थोड्या वेळाने कुंपणावर एक हिरवा सरडा आला आणि गळ्याची गुलाबी पिशवी फुगवून मान हलवू लागला. ‘ॲनोल’ जातीचे हे लहान सरडे त्या प्रदेशात घरोघरी दिसतात. तेव्हा मुलाच्या मनात लख्ख प्रकाश पडला. रानातील कॉर्न स्नेकची पिल्ले आरंभी सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. साप भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः वासावरून. जिभेने हवेतील गंधकण टिपावयाचे आणि टाळूतील एका खास इंद्रियाकडे पोचवावयाचे, ही त्याची रीत. कर्नल हट्टी नव्हता. समोर धरलेली वस्तू अन्न आहे, हेच त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितले नव्हते!

मुलाने सरडा अलगद पकडला, कोमट केलेली पिंकी त्याच्या पाठीवर हळूच घासली आणि सरड्याला पुन्हा कुंपणावर सोडून दिले. मग हात स्वच्छ धुऊन त्याने चिमटा पुढे केला. कर्नलची जीभ एकदा हलली, दोनदा हलली, भराभर हलू लागली. क्षणार्धात त्याने झडप घातली. मुलगा श्वास रोखून पाहत राहिला. त्या दिवशी वहीत एकच शब्द लिहिला गेला : ‘खाल्ले.’

पुढे दर खेपेस मुलगा सरड्याचा वास थोडा थोडा कमी करीत गेला. काही आठवड्यांनी कर्नल नुसती पिंकीही खाऊ लागला आणि वजन वाढू लागले. परंतु आता मुलाला दुसरीच घाई झाली. कर्नल लवकर मोठा व्हावा, असे त्याला वाटू लागले.

सापाला चावून खाणे ठाऊक नाही. घास सबंधच गिळावयाचा असतो. त्यासाठी निसर्गाने त्याला मोठी अद्भुत सोय करून दिली आहे. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी हाडाने सांधलेले नसून लवचीक तंतूंनी जोडलेले असतात. एकदा डावी बाजू, एकदा उजवी बाजू पुढे सरकवीत तो जणू काही घासावरून चालत जातो. आत वळलेले दात घासाला मागे फिरू देत नाहीत. परंतु गिळता येणे वेगळे आणि पचणे वेगळे. सापाच्या शरीराचा जो सर्वांत जाड भाग, साधारण तेवढ्याच जाडीचा घास त्याला सोसतो. मुलाला हे माहीत होते. तरीही त्याने एके दिवशी मधली पायरी गाळून, उड्या मारण्याच्या वयाचे पुष्कळ मोठे पिल्लू कर्नलला दिले. कर्नलने ते मोठ्या कष्टाने गिळले. दोन दिवसांनी ते तसेच अर्धवट पचलेले बाहेर पडले, आणि कर्नल पेटीच्या कोपऱ्यात मलूल होऊन पडला.

सापाने घास उलटून टाकला की त्याच्या पोटातील पाचक रसही वाया जातात. त्यानंतर दोन आठवडे त्याला काही न देता स्वस्थ राहू द्यावे लागते. ते दोन आठवडे मुलाला फार जड गेले. तो रोज पाणी बदली, ऊब तपासी आणि कर्नलला हात न लावता दूर बसून राही. आजोबांनी त्याला बोल लावला नाही. एकदाच ते म्हणाले, “मका ओढून उंच होत नाही रे. मीही लहानपणी ओढून पाहिला होता. मुळासकट हातात आला.”

दोन आठवड्यांनी मुलाने पुन्हा लहानशा पिंकीपासून आरंभ केला. कर्नलने ती खाल्ली आणि ती पचलीही. पुढे अनेक आठवड्यांनी, अंगावर नुकतीच लव आलेले किंचित मोठे पिल्लू त्याने पुढे केले. केसांचा स्पर्श होताच कर्नल मागे सरला. या वेळी मुलगा रागावला नाही, घाबरलाही नाही. पुढच्या खेपेस त्याने आधी ओळखीची पिंकी दिली आणि ती पोटात उतरत असतानाच, भुकेचा आवेश ओसरण्यापूर्वी, लव आलेले पिल्लू हळूच पुढे धरले. पहिल्या घासाच्या भरात दुसराही घास कर्नलने स्वीकारला. दोन-तीन वेळा असे झाल्यावर पिंकीची गरजच उरली नाही.

वर्ष सरत आले. कर्नल आता हातभर लांब झाला होता. ज्या आकाराच्या घासाने तो एकदा मरणाच्या दारी जाऊन आला होता, तेवढाच घास एका संध्याकाळी मुलाने पुढे केला. कर्नलने तो आपण होऊन घेतला आणि उबदार कोपऱ्यात जाऊन वेटोळे घातले. दोन दिवस मुलाने वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी पेटी स्वच्छ आणि कर्नल स्वस्थ असल्याचे पाहूनच त्याने तारीख घातली, वजन लिहिले आणि वही आजोबांपुढे ठेवली.

आजोबांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून ती सबंध वही वाचून काढली. मग ते उठले आणि मागच्या दारी जाऊन त्या रिकाम्या कोठाराकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.