एका फ्लॉपीत मावेल एवढं

परवा कपाट आवरताना एक फ्लॉपी सापडली. काळी, साडेतीन इंची, वर माझ्या अक्षरात लिहिलेलं : 'राजूर, जुलै २०११'. लेकीनं हातात घेऊन विचारलं, "हे सेव्हचं चित्र खरंखुरं असतं?" हसू आलं. मग तिथेच जमिनीवर बसलो आणि तिला गोष्ट सांगितली. तिला अर्धीच सांगितली. पूर्ण इथे लिहितो, कारण घरातली मंडळी इथे वाचतात आणि त्यातल्या निम्म्यांना अजून वाटतं की मी तेव्हा 'काकांचा कॉम्प्युटर रिपेअर केला'. रिपेअर काहीच केलं नव्हतं.

आमचं राजूर अकोले तालुक्यातलं. भंडारदऱ्याला जाताना लोक इथे गाडी थांबवून पेढे घेतात, तेच. जिल्हा तेव्हा अहमदनगर होता, २०२४ पासून अहिल्यानगर. काकांचा दूध घेऊन खवा करायचा धंदा होता. वरच्या वाड्यांमधून सकाळ-संध्याकाळ दूध यायचं, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायचा. काही म्हातारी माणसं पगारातले शे-दोनशे काकांकडेच ठेवून जायची. बँक लांब आणि घरात पैसा टिकत नाही, म्हणून. काकांनी हा सगळा हिशोब फॉक्सप्रोमधल्या एका प्रोग्रॅममध्ये ठेवलेला. तो कुणी तरी संगमनेरहून येऊन बसवून दिला होता. मशीनही तेव्हाचंच : ३२ एमबी रॅम, विंडोज ९८, सीडीचा ट्रे कायमचा अडकलेला.

मे २०११ मध्ये काका गेले. तेराव्याला वरच्या वाडीतले एक आजोबा आले. ओसरीच्या कडेला बसून राहिले, जेवले, आणि निघताना हळूच दादाला म्हणाले की नातीच्या कॉलेजासाठी साठवलेले चौदा हजार काकांकडे आहेत. घाई नाही, पण आहेत.

दादा काही वाईट माणूस नाही. पण त्या पंधरा दिवसांत असे तिघे-चौघे येऊन गेले होते आणि त्यातल्या एकाचं सांगणं उघड खोटं निघालं होतं. तो म्हणाला, "हिशोब बघून देतो." आणि हिशोब त्या मशीनमध्ये. मशीन शिमग्याच्या आधीच बंद पडलेलं. चालू केलं की विंडोजचं चित्र यायचं, हार्डडिस्क टक्‌-टक्‌ करायची आणि सगळं थिजायचं. मग पुण्याला मला फोन. घरात 'कॉम्प्युटरमधला' मी एकटाच.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला का जोडली नाही, असं कुणीही विचारेल. दादाने तिला एकदा काढून पुन्हा बसवली होती, तेव्हा ती दहा-बारा प्रयत्नांनी फिरायला लागली होती. पुन्हा हलवायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून ठरवलं की आहे तिथेच राहू दे. बाहेरून एक छोटी सिस्टिम चालू करायची, फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची आणि निघायचं. पेनड्राइव्हवरून ते मशीन सुरू होत नव्हतं. राहिली फ्लॉपी. पुण्यात शोधून जुना दहाचा डबा मिळाला, त्यात बिनदोष निघाली एकच. म्हणजे एकूण जागा १४४० केबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावत नाही.

त्यात साडेआठशेच्या आसपास केबी लिनक्सच्या कर्नललाच गेले : जुना २.४, त्यात यूएसबी, डिस्क आणि विंडोजच्या फाइली वाचायची सोय. उरलेल्या जागेत बाकी सगळं गाव वसवायचं होतं. यादी दाखवणारा एलएस, डिस्क जोडणारा माउंट, कॉपी करणारा सीपी, आज्ञा ऐकणारा शेल. नेहमीच्या सिस्टिमवर हे सगळे वेगवेगळे प्रोग्रॅम असतात. प्रत्येकाला स्वयंपूर्ण करायचं, तर प्रत्येकजण सी लायब्ररीचं आपापलं गाठोडं पाठीवर घेऊन येतो. नुसतं 'नमस्कार' म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा त्या गाठोड्यासकट काही शे केबींचा होतो. असे तीन-चार झाले की फ्लॉपी भरली.

यावरची युक्ती जुनी आहे. मेरीलंड विद्यापीठातल्या जेम्स द सिल्व्हा यांनी क्रंचजेन नावाचं साधन लिहिलं. ते अनेक प्रोग्रॅम एकत्र बांधून त्यांची एकच फाइल करतं, म्हणजे गाठोडं एकदाच. फ्रीबीएसडीमध्ये अडीअडचणीसाठी जी 'रेस्क्यू' डिरेक्टरी असते, ती अशीच तयार होते. लिनक्सच्या बाजूला ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनच्या इन्स्टॉलेशन फ्लॉपीसाठी बिझीबॉक्स लिहिलं. तिथे तर नेहमीच्या आज्ञाच नव्याने, आटोपशीर लिहिलेल्या आहेत आणि सगळ्या एकाच प्रोग्रॅमच्या पोटात.

मग एकाच फाइलला कसं कळतं की आपण आता एलएस आहोत की सीपी? हे मी काकूला समजावलं होतं ते असं. काका एकच. पण 'मामा' म्हणून हाक आली की खिशातून गोळ्या काढायचे, 'शेठ' म्हटलं की वही काढायचे, 'अहो' ऐकलं की गप्प बसायचे. तसंच हे. फाइल एकच, तिला नावं अनेक दिलेली. प्रत्येक नाव म्हणजे त्याच फाइलकडे बोट दाखवणारी एक पाटी. ज्या नावानं हाक मारली ते नाव प्रोग्रॅमला सुरू होतानाच कळतं, आणि तो त्याप्रमाणे वागतो.

बिझीबॉक्स बांधण्याआधी ते आपल्याला विचारतं, काय काय हवं. निळ्या पडद्यावर यादी येते, तीनशेहून जास्त आज्ञा, आणि कित्येकींच्या खाली बारीक बारीक पोटपर्याय. हवं तिथे खूण करायची. मी 'काहीच नको' इथून सुरुवात केली आणि एकेक घेत गेलो. शेल घेतला. शेलमध्ये बेरीज-वजाबाकी घेतली. माउंट, सीपी, एलएस, कॅट, डीडी. व्हीआय एडिटर घेतला नाही, तिथे मी काय लिहिणार होतो? नेटवर्क नाही. डीडीच्या पोटात एक पर्याय होता, वाचताना चूक आली तरी पुढे जाण्याची सोय त्यात येते. त्याच्यावरची खूण काढली. खरं तर त्यानं फार तर एखाद-दोन केबी वाढले असते. पण आकडा खाली जाताना बघण्याची एक नशा असते. तयार झालेली फ्लॉपी बघितली, तर ४० केबी मोकळे उरले होते. छाती फुगली. मित्राला फोन करून सांगितलंसुद्धा.

आषाढातल्या एका शनिवारी राजूरला पोचलो. एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत भिजलो. आमच्याकडचा पाऊस झेपतो तो डांगी जनावरांनाच, त्यांच्या कातडीला निसर्गानंच तेल दिलंय. वीज येऊन-जाऊन होती. फ्लॉपी घातली, ती घरघरली, आणि काकांच्या त्या पिवळ्या पडलेल्या मॉनिटरवर माझी सिस्टिम उभी राहिली. डिस्क जोडली गेली, फक्त वाचण्यापुरती. फाइल दिसली : अठ्ठावीस लाख सदुसष्ट हजार दोनशे बाइट. दादा मागे उभा, काकू दारात. मी सीपीची आज्ञा दिली. टक्‌, टक्‌, टक्‌. थोडी फाइल उतरली आणि 'वाचता येत नाही' म्हणून थांबली.

मग डीडी. हात आपोआप तो पर्याय लिहून मोकळे झाले. डीडीनं सरळ सांगितलं, असला काही पर्याय मला माहीत नाही.

त्या क्षणी पोटात काय झालं ते अजून आठवतं. ४० केबी मोकळे होते हो. जागा होती. मी केवळ हौसेनं काढलं होतं ते, आणि काढलं म्हणजे ते तिथे नव्हतंच. अशा सिस्टिममध्ये 'शोधून बघू, असेल कुठे तरी' हा प्रकारच नसतो. तुम्ही निघताना जे बरोबर घेतलं, तेवढंच जग. पुण्याला परत जायचं, तर डिस्क तोवर जगेल का?

चहा झाला. काकूनं विचारलं, "नाहीच का निघत?" मी म्हटलं, "थांब जरा." खरं तर मलाच थांबायचं होतं. मग सुचलं की डीडीला पूर्ण फाइल पचत नसेल, तर घास लहान करावा. अमुक इतके तुकडे सोड आणि पुढचा एकच तुकडा वाच, एवढं त्याला येत होतं. शेलला मोजता येत होतं. म्हणून चार-चार केबींचे ७०० तुकडे करायचे. तुकडा वाचता आला तर पेनड्राइव्हवरच्या फाइलला शेवटी जोडायचा, नाही आला तर त्याच्या जागी तेवढीच शून्यं जोडायची, म्हणजे पुढच्या नोंदींची जागा हलणार नाही. एडिटर नसल्यामुळे सगळं एका ओळीत टाइप करावं लागलं. अर्ध्यात वीज गेली. ती आल्यावर तीच ओळ पुन्हा टाइप केली, ३१० पासून पुढे. या वेळी आधी काकांच्या जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून ठेवली होती.

संध्याकाळी उशिरा संपलं. ११ तुकडे गेले, बाकीचे आले. फॉक्सप्रोच्या फाइलीत प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची असते, इथे ६४ बाइटची, म्हणजे सातशेच्या आसपास नोंदी बुडाल्या. लॅपटॉपवर ओपनऑफिसमध्ये फाइल उघडली. आजोबांचं खातं सापडलं. ६ फेब्रुवारीची नोंद, शिल्लक ११,८५०. फाइलमधली शेवटची नोंद १९ फेब्रुवारीची. त्यानंतर मशीनच बंद. पुढचे तीन महिने काका चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि त्या चिठ्ठ्या कुठे गेल्या, कुणालाच ठाऊक नाही.

चौदा हजार नाहीत, आणि खोटंही नाही. दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आजोबांना निरोप धाडला. ते पावसातून इरलं घेऊन आले. दादानं जे होतं ते सांगितलं. आजोबांनी विचारलं, "शेटनी लिवलंय ना पण?" फेब्रुवारीपर्यंतचं लिहिलंय, असं म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग तेवढंच द्या. शिमग्याच्या आदीचं." उरलेल्याबद्दल अवाक्षर नाही.

काकू आतून आली ती चौदा हजार मोजूनच. म्हणाली, "लिहिलेलं ह्यांचंच आणि न लिहिलेलंही ह्यांचंच." दादा काही बोलला नाही. नंतर मला एसटीवर सोडायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "तू आला नसतास तर मी ११,८५० सुद्धा दिले नसते बहुतेक."

ती डिस्क त्याच पावसाळ्यात कायमची थांबली. नात पदवीधर झाली, एवढं काकूकडून कळलं. मी नंतर बिझीबॉक्स कितीदा तरी बांधलं, बोटाएवढ्या उपकरणांसाठी, कधी कामावर, कधी घरी हौस म्हणून. डीडीखालची ती खूण मात्र दर वेळी आधी करतो, मग बाकीची यादी बघतो.

फ्लॉपी वाचायला आता घरात ड्राइव्ह नाही. तरी ती टाकून दिली नाही. कपाट आवरून झालं, ती परत आत ठेवली. लेक म्हणाली, "एवढीशी तर आहे, राहू दे की."