तांब्या का चावायचा?

आमच्या घरी तांब्या नावाचे दोघे जण राहतात. एक पितळेचा. तो पाण्यानं भरलेला, आजीच्या उशाशी असतो. दुसरा चार पायांचा आणि तांबूस केसांचा. तो कुठं सापडेल याचा नेम नाही. रात्री आजी उठून म्हणाली, "अरे, तो तांब्या दे जरा," की दुसराच शेपूट हलवत हजर होतो.

मित्रांनो, आज या दुसऱ्या तांब्याची गोष्ट सांगतो. खरं म्हणजे ही माझ्याच एका चुकीची गोष्ट आहे. पण ते पुढं येईलच.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात साताऱ्याजवळ एका मित्राच्या शेतावर कुत्रीला सहा पिल्लं झाली. त्यातलं एक आम्ही उचलून आणलं तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. बशीतलं दूध लपालपा पिऊन तिथंच नाक टेकवून झोपणारं. घरात नुसता आनंदीआनंद! थोरली लेक सहावीत, धाकटे चिरंजीव दुसरीत. दोघांचं त्याला कुणाच्या मांडीवर घ्यायचं यावरून रोज भांडण.

पंधरा-वीस दिवसांत कौतुक ओसरलं. कारण तांब्याचे दात! कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात येतात. दिसायला तांदळाच्या कणीसारखे, पण टोचायला टाचणीसारखे. आधी चपला गेल्या, मग माझ्या पायजम्याची नाडी, मग थोरलीचा शाळेचा मोजा. आणि त्यानंतर आमची बोटं आणि पोटऱ्या. धाकटा किंचाळत पळायचा. तांब्याला वाटायचं, वा, शिवाशिवीचा खेळ सुरू झाला! तो दुप्पट वेगानं मागं धावून टाच पकडायचा.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. "वर्तमानपत्राची गुंडाळी करा आणि नाकावर हाणा," एक म्हणाले. "तोंड घट्ट दाबून धरा," दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी तर "चावला की तुम्हीही त्याला चावा," असा सल्ला दिला. तो मात्र कुणी अमलात आणला नाही!

मग तो रविवार आला.

संध्याकाळी आजी ओसरीवर बसून तांब्याला भाकरीचे तुकडे भरवत होती. आजी म्हणजे माझी आई. वय शहात्तर. "ये रे तांब्या, ये ये," म्हणत तिनं तुकडा धरलेली बोटं त्याच्यापुढं नाचवली. तांब्या दबा धरून बसला, आणि झेप घेऊन त्यानं भाकरीऐवजी हातच पकडला. म्हाताऱ्या माणसाची कातडी ती, कागदासारखी पातळ. टरकन फाटली. रक्त येऊ लागलं.

"काही नाही रे, हळद आण जरा," आजी म्हणाली. पण थोरली ओरडली, "हळद नको! आधी साबण!" शाळेत त्यांना सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. तिनं आजीचा हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला, साबण लावला आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुतला. मी नुसता शेजारी उभा होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पिल्लाला रेबीजची लस दिली आहे का?" दिली नव्हती. ती साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि तांब्या अजून अडीच महिन्यांचाही नव्हता.

आजीचा चेहरा उतरला. "म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं?"

डॉक्टर हसले. "आजी, तो जमाना गेला. आता दंडावर. आज, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी." रक्त आलं होतं म्हणून जखमेतच आणखी एक औषध टोचलं. ते मात्र दुखलं. आजीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

डॉक्टर आम्हाला म्हणाले, "पिल्लू छोटं आहे, घरचंच आहे, म्हणून चालढकल करायची नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. पण वेळेवर लस घेतली तर रोग टाळता येतो." परत येताना मी मुलांना लुई पाश्चर या शास्त्रज्ञाची हकिकत सांगितली. 1885 सालच्या जुलै महिन्यात पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी आपली नवी लस टोचली होती. तो मुलगा जगला. "म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा," धाकटा हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. पिल्लाला कुठंही सोडायचं नाही, दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील, तर ते कुत्रं तेवढ्या दिवसांत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर काळजी मिटली.

त्या रात्री घरात सभा भरली. मुलांची आई म्हणाली, "दहा दिवस झाले की त्याला शेतावर सोडून या. उद्या धाकट्याच्या डोळ्याला लागलं तर?" मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. "बरोबर आहे. चावरं कुत्रं घरात नको." धाकटा रडायला लागला. थोरली रडली नाही. ती आत गेली आणि एक कोरी वही घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी तांब्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरताईंनी त्याला टेबलावर उभं केलं, तोंड उघडून दात बघितले आणि विचारलं, "कितव्या आठवड्यात आणलंत?"

"पाचव्या."

"तिथंच घाई झाली. निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यायचं. अहो, पिल्लाचं तोंड म्हणजे त्याचा हात. तुमचं बाळ जसं हाताला लागेल ते पकडून बघतं, तसं हे दातांनी पकडून बघतं. भावंडांशी खेळताना एकानं जोरात चावलं, की दुसरं क्यांव करतं आणि खेळ सोडून निघून जातं. आई गुरकावते. मग पहिल्याला कळतं, एवढ्या जोरात चावलं की खेळ संपतो. तुमच्या पिल्लाची ही शाळा अर्धवट राहिली. आता ती तुम्ही घ्यायची."

"म्हणजे आम्ही क्यांव करायचं?" धाकट्यानं विचारलं.

"नको! काही पिल्लं किंचाळण्यानं आणखी चेकाळतात. तू झाड व्हायचं."

झाड व्हायचं म्हणजे दात लागला रे लागला, की हात छातीशी घ्यायचे, तोंड फिरवायचं, गप्प उभं राहायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही, पळायचं नाही. अर्ध्या मिनिटानं पुन्हा खेळ सुरू. पुन्हा दात, पुन्हा झाड. शिवाय चावायला त्याच्या हक्काची वस्तू द्यायची. पिल्लू चावणारच, काय चावायचं ते आपण ठरवायचं. जेवताना आणि झोपेत त्याला छेडायचं नाही. पिल्लं दिवसातले अठराएक तास झोपतात. झोप अपुरी राहिली की दमलेल्या बाळासारखी किरकिर करतात आणि जास्त चावतात.

"आणि मारायचं नाही," डॉक्टरताई म्हणाल्या. "नाकावर फटका मारला की पिल्लू एवढंच शिकतं, की माणसाचा हात वाईट असतो. हाताला भिणारं कुत्रं मोठेपणी खरंखुरं चावतं." मग त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही मनगटांवर ओरखडेच ओरखडे. "हे एवढे कसे?"

"असंच," मी म्हणालो आणि बाही खाली ओढली.

घरी आल्यावर आजीनं आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि पट्टी बांधलेल्या हातानंच त्यांची जाड वेणी घातली. लोंबणारे दोरे कापून टाकले. वेणी ओली करून फ्रिजमध्ये थंड केली, की तांब्या ती तासन् तास चघळत बसायचा. धाकटा इतका मन लावून झाड व्हायचा, की तांब्या निघून गेला तरी उभाच!

चावणं खरोखर कमी झालं. पण रोज रात्री काय व्हायचं कोण जाणे, तांब्याच्या अंगात वारं शिरायचं आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जायची.

सहाव्या दिवशी जेवणं झाल्यावर थोरलीनं ती वही उघडली. तिनं रकाने आखले होते. किती वाजता, कुणाला, आणि त्याआधी काय चाललं होतं.

"एकूण एकोणीस चावे," तिनं वाचलं. "त्यातले सकाळी तीन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. आणि रात्री आठ ते साडेनऊ या वेळात बारा."

"बापरे! रात्रीच का?" मुलांची आई म्हणाली.

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही घरी किती वाजता येता?"

मी काही बोललो नाही. तिनं पुढं वाचलं, "रकाना तिसरा. त्याआधी काय चाललं होतं. बाबांचा साप. बाबांचा साप. बाबांचा साप."

सांगतो. कामावरून आलो, की मी दिवाणावर आडवा व्हायचो आणि चादरीच्या कडेनं हाताचा साप करायचो. बोटं वळवळत यायची, तांब्या दबा धरायचा, झेप घ्यायचा, हात पकडून गुर्रगुर्र करत ओढायचा. मी खो खो हसायचो. दिवसभराचा शीण जायचा. तांब्या आल्यापासून एक रात्र चुकली नव्हती. सगळं घर झाड होऊन उभं राहत होतं, आणि मी मात्र त्याला रोज तासभर हात चावायची शिकवणी देत होतो. चावला की मी हसतो, म्हणजे चावणं शाबासकीचं, एवढं साधं गणित त्यानं केलं होतं.

आणि मग मला रविवारची आजीची बोटं आठवली. भाकरीचा तुकडा धरून नाचणारी. तांब्यानं आजीला चावलं नव्हतंच. त्यानं माझा साप पकडला होता.

मी आजीकडे बघू शकलो नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी आहे. शेतावर पाठवायचंच असेल तर मला पाठवा."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं आजी म्हणाली, "अरे, तू दीड वर्षाचा असताना शेजारच्या वहिनींच्या खांद्याला कडाडून चावला होतास. तुला कुठं कुणाला देऊन टाकलं आम्ही?" तेव्हा मात्र सगळे हसले.

त्या रात्रीपासून साप बंद. पण एवढ्यानं गोष्ट संपली नाही. पुढचे दोन दिवस तांब्या पूर्वीपेक्षा जास्त चावला! मी दिवाणाला पाठ करून उभा, आणि तो माझ्या पायजम्याला लोंबकळतोय. मी डॉक्टरताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे व्हायचंच. आजवर मिळत होतं ते बंद झालं, म्हणून तो जास्त जोर लावून बघतोय. आता एकदा जरी हात दिलात, तर तो शिकेल की जास्त जोर केला की मिळतं. टिकून राहा." टिकून राहिलो. तिसऱ्या रात्री तांब्या दिवाणापाशी आला, माझ्या हाताकडे बघितलं, वळला आणि लुगड्याची वेणी घेऊन आला.

दहावा दिवस उजाडला. तांब्या ठणठणीत होता. मुलांची आई म्हणाली, "ज्यांना चावला त्यांनीच ठरवावं." आजी ओसरीवर बसली. तिनं बोटं नाचवली नाहीत. सपाट तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि हात खाली नेला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. तांब्यानं वास घेतला, ओठांनीच तुकडा उचलला आणि मग तळहात चाटून पुसून साफ केला.

"राहू दे," आजी म्हणाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी आजीचं शेवटचं इंजेक्शन झालं. तीन महिन्यांचा झाल्यावर तांब्यालाही रेबीजची लस दिली. ती पुढंही वेळच्या वेळी द्यायची असते, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. पाचव्या महिन्यात धाकट्याला ओसरीवर तांदळाच्या कणीएवढा एक दात सापडला. दुधाचे दात पडून आता तांब्याला मोठे बेचाळीस दात आले आहेत. त्यांनी तो एखादं हाड सहज फोडेल. पण धाकट्याचा हात चुकून त्याच्या तोंडात गेला, तर तो आधी तोंड उघडतो आणि मान मागं घेतो.

तुमच्या घरी चावरं पिल्लू असेल, तर एक वही करा. तारीख, वेळ, आणि त्याआधी काय चाललं होतं. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. मोठ्यांनाही सूट देऊ नका.

आमची वही अजून संपलेली नाही. परवा थोरली तिच्यात पुन्हा रकाने आखताना दिसली. मी डोकावून बघितलं. नव्या पानावर लिहिलं होतं, 'बाबा जेवताना मोबाइल किती वेळा बघतात'.

मी मुकाट्यानं मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून आलो.