पाव इंचाचं अपील

मळवली स्टेशनजवळ माझं शिवणकामाचं दुकान आहे. पंचवीस वर्षं गळ्यात टेप अडकवून शाळेचे गणवेश शिवतोय. त्यामुळे पाव इंच म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. पण पाव इंच एखाद्या मुलाचं स्वप्न अडवू शकतं, हे गेल्या दोन वर्षांत कळलं.

धाकटा मुलगा लहानपणापासून कामशेतच्या डोंगरांवरून उडणारे पॅराग्लायडर बघत वाढला. गाडी कामशेतवरून जाऊ लागली की हा खिडकी सोडायचा नाही. बारावी सायन्सला असताना त्याने एनडीएची लेखी परीक्षा दिली, पास झाला. गांधीनगरला पाच दिवस एसएसबी झाली. वैमानिकासाठीची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तीही तो पास झाला. त्या दिवशी त्याच्या अम्मीने शुक्राण्याची नमाज पढली आणि मी आळीभर पेढे वाटले.

मग मेडिकल झालं आणि हातात कागद आला. त्यावर लिहिलं होतं, ‘अनफिट’.

कारणं दोन होती. नाकाचा पडदा वाकडा असल्यामुळे श्वासाला अडथळा, हे पहिलं. दुसरं, बसल्यावर मांडीची लांबी ६४.६ सेंटिमीटर. वैमानिकासाठी मर्यादा ६४. म्हणजे सहा मिलिमीटर जास्त. आमच्या टेपवर पाव इंचसुद्धा पूर्ण होत नाही.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. संध्याकाळी मुलाचे मामू आले. कागद न बघताच म्हणाले, “भाईजान, मांडी-बिंडी सगळे बहाणे. आपल्या पोराच्या हातात विमान कोण देणार?”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. आपल्या घरांमध्ये हा विचार फार लवकर येतो, आणि प्रत्येक वेळी तो बिनबुडाचा असतो असंही मी म्हणणार नाही. उत्तर दिलं ते मुलाने. “मामू, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ हवाई दलाचे प्रमुख होते. नंतर आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मला मांडीमुळे नाकारलंय की नावामुळे, ते अपील केल्याशिवाय कसं कळणार?”

त्याचं हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. तोवर मला वाटायचं, अपील म्हणजे साहेबाशी भांडण. मुलाने समजावलं की ती नियमातच दिलेली वाट आहे. नापास का केलं आणि पुढे काय करता येतं, हे पहिल्या मंडळाचे अध्यक्षच उमेदवाराला सांगतात. मात्र ४२ दिवसांच्या आत दुसऱ्या मंडळाकडून तपासणी पूर्ण व्हावी लागते.

मांडीचा नियम कशासाठी, हेही त्यानेच सांगितलं. लढाऊ विमान संकटात सापडलं की वैमानिक खुर्चीसकट क्षणात बाहेर फेकला जातो. मांडी लांब असेल तर गुडघे समोरच्या भागावर आदळून पाय कायमचे जायबंदी होऊ शकतात. ऐकलं आणि गप्प झालो. शर्ट तंग झाला तर मी उसवून देतो, कॉकपिट कोण उसवणार?

आम्ही दोन कारणांची दोन खाती केली. नाकाला इलाज होता. तळेगावच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं, आठवड्याभरात ऑपरेशन झालं. मांडीला इलाज नव्हता, फक्त पुन्हा मोजून घेणं हातात होतं. बसण्याची ढब बदलली की माप थोडं हलतं, हे मी रोज बघतो.

याच काळात एका लांबच्या ओळखीतून निरोप आला, “पैसे ठेवा, अपिलात काम होईल.” मुलाच्या अम्मीने फोनवरच सुनावलं की आमच्या घरात हरामाचा पैसा येत नाही, तसा जातही नाही. मलाही वाटलं, रिश्वत देऊन मिळवलेल्या वर्दीला मी कुठल्या तोंडाने इस्त्री केली असती? असे लोक प्रत्येक भरतीच्या आसपास फिरत असतात. त्यांच्या हातात काही नसतं. मुलगा स्वतःच्या बळावर पास झाला तरी पैसे त्यांच्याच खिशात.

अपिलासाठी आम्ही दोघे दिल्लीला गेलो. मी बाहेर झाडाखाली तसबीह घेऊन बसलो. दुपारी मुलगा बाहेर आला. नाक फिट. मांडी पुन्हा मोजली, ६४.५. डॉक्टरांनी त्याला उठवून परत नीट बसवलं, परत मोजलं आणि आकडा त्याला स्वतः वाचायला लावला. तोच आकडा. ग्राउंड ड्युटीसाठी फिट, विमान उडवण्यासाठी अनफिट.

यापुढे रिव्ह्यू मेडिकल बोर्डासाठी अर्ज करता येतो. तो मात्र हक्क नाही, मंजूर करायचा की नाही हे वरचे वैद्यकीय अधिकारी ठरवतात. मी म्हटलं, करूया. मुलगा म्हणाला, “अब्बा, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या ठिकाणी मोजलं. तुम्ही गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा मोजता का?”

परतीच्या गाडीत तो रात्रभर वरच्या बर्थवर तोंड फिरवून पडला होता. झोपलेला नव्हता, मला ठाऊक होतं. मीही झोपलो नाही. पण मनात खुन्नस नव्हती. मामूंच्या शब्दाचा काटा निघाला होता. अपील केलं नसतं तर तो जन्मभर सलला असता, मला आणि माझ्याहून जास्त मुलाला.

आज तो पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतोय. पदवीनंतर हवाई दलाच्या तांत्रिक शाखेची परीक्षा देणार आहे. तिथे मांडीची ही मर्यादा नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना वैमानिकच व्हायचं होतं. देहरादूनच्या निवडीत २५ जणांत ते नववे आले, जागा होत्या ८. पुढे राष्ट्रपती असताना, ८ जून २००६ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून उड्डाण केलं. मुलाच्या टेबलासमोर तो फोटो चिकटवलेला आहे.

ज्यांची मुलं-मुली या वाटेवर आहेत (२०२२ पासून एनडीएत मुलीही जातात) त्यांना माझं एवढंच सांगणं. फॉर्म भरण्याआधीच डोळे, कान, नाक, वजन आणि मापं तपासून घ्या. नाकारलं तर कारण नीट समजून घ्या. इलाज होण्यासारखं असेल तर दिवस मोजत कामाला लागा. नसेल तरी एकदा पुन्हा मोजून घ्या. सब्र म्हणजे न विचारता परत येणं नव्हे. विचारून, उत्तर ऐकून मग जे राहतं, त्यावर सब्र करायचा असतो.

मामूंचं मत अजून पुरतं बदललेलं नाही. पण परवा स्वतःच्या नातवाला घेऊन दुकानात आले आणि मला म्हणाले, “जरा याच्या मांडीचं माप घेऊन ठेवा.”