नदीच्या दोन काठांवर दोन कॉलेजं

ईद होऊन आठवडा झाला होता. न्यू जर्सीत लेकीच्या घरी शिरखुर्म्याचं पातेलं केव्हाच रिकामं झालं होतं, पण जेवणाच्या टेबलावरची दोन पत्रं काही हलत नव्हती. आमच्या नातीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता. एक स्मिथ कॉलेज आणि दुसरं माउंट होल्योक. दोन्ही मॅसॅच्युसेट्स राज्यात, दोन्ही मुलींची, आणि 1 मेच्या आत एकाला होकार द्यायचा.

लेकीला हॉस्पिटलातून सुट्टी नव्हती. ती म्हणाली, "अब्बा, अम्मी, तुम्ही दोघं जावयांबरोबर जा आणि बघून या. मला यात काही बोलायचं नाही." त्या वाक्याचा रोख आम्हाला समजला. 1994 साली तिला पुण्याला हॉस्टेलात राहून शिकायचं होतं. आम्ही नको म्हटलं होतं. कारणं तेव्हा खूप सांगितली. खरं कारण एकच होतं, लोक काय म्हणतील. ती चिपळुणातच शिकली, पुढे स्वतःच्या हिमतीवर इथपर्यंत आली. त्या गोष्टीचा उच्चार तिने पुन्हा कधी केला नाही, आम्हीही नाही.

तर फजरची नमाज पढून आम्ही निघालो. हार्टफर्ड मागे टाकलं की रस्ता कनेटिकट नदीच्या सोबतीने उत्तरेकडे जातो. एप्रिल संपत आला तरी झाडं अजून उघडीच होती, फक्त मेपलच्या शेंड्यांना तांबूस रंग चढला होता. नदी रुंद आणि शांत. नात खिडकीतून तिच्याकडेच बघत होती. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी आमच्या घरात शिरली, तेव्हा आम्ही माळ्यावर बसून फोनवर या पोरीला पाणी दाखवत होतो. तेव्हापासून तिने नद्यांचं वेड घेतलं आहे. पाणी कुठून येतं, गाळ कुठे साचतो, माणसं त्याच काठावर पुन्हा घर का बांधतात, असे तिचे प्रश्न. भूशास्त्रही हवं आणि इतिहासही हवा. आपल्याकडे अकरावीच्या फॉर्मवर सायन्स की आर्ट्स हे लिहावंच लागतं. ही छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं इथेच वेगळी पडतात. पहिली दोन वर्षं विज्ञान, साहित्य, भाषा, कला सगळं चाखायचं, मग मुख्य विषय ठरवायचा. वर्ग लहान असतात आणि शिकवतात ते प्राध्यापकच. पीएच.डी. करणाऱ्या मुलांवर वर्ग सोपवलेले नसतात.

स्मिथ नदीच्या पश्चिम काठाला, नॉर्थॅम्प्टन गावात आहे. सोफिया स्मिथ या अविवाहित बाईंनी आपली इस्टेट मृत्युपत्राने मुलींच्या शिक्षणासाठी ठेवली, त्यातून 1875 साली 14 विद्यार्थिनींवर हे कॉलेज सुरू झालं. आज तिथे सुमारे अडीच हजार मुली आहेत. वसतिगृहाच्या मोठ्या इमारतींऐवजी मुली लहानमोठ्या घरांत राहतात, प्रत्येक घराला नाव आणि स्वतःची बैठकीची खोली. शुक्रवारी दुपारी घराघरांत चहा होतो. शुक्रवारची दुपार म्हटल्यावर आमच्या मनात आधी जुम्मा आला, पण ते असो.

काचेचं जुनं वनस्पतिगृह बघून आम्ही हरखलो. बाहेर थंडीने नाक लाल झालेलं आणि आत केळीची पानं! ओल्या मातीचा वास आल्यावर नानी तिथल्या बाकावर बसल्याच, उठायला तयार होईनात. जावयांना दुसरीच गोष्ट आवडली. मुलींच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची पदवी देण्याची सुरुवात अमेरिकेत इथेच झाली. माहिती सांगणाऱ्या मुलीने आमचे कपडे बघून असेल, श्रीनगरला जन्मलेल्या फराह पंडित यांचं नाव काढलं. त्या इथल्याच विद्यार्थिनी. पुढे 2009 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या मुस्लिम समाजांशी संवाद ठेवण्यासाठी त्यांना विशेष प्रतिनिधी नेमलं.

स्मिथच्या बाजूने सगळ्यात जड होतं ते पैशाचं पत्र. दोन्ही ठिकाणी राहण्याजेवणासह वर्षाचा जाहीर खर्च 80 हजार डॉलरच्या वर आहे. आकडा ऐकून आमची छाती दडपली होती. पण हा आकडा सगळेच भरत नाहीत. आईवडिलांचं उत्पन्न, मालमत्ता, भावंडं बघून कॉलेज मदत ठरवतं, म्हणून दुकानातल्या पाटीवरची किंमत बघून परत फिरू नये. स्मिथने 2022 पासून आपल्या मदतीतून कर्ज काढून टाकलं आहे, त्या जागी अनुदान दिलं जातं. माउंट होल्योकच्या पत्रात गुणवत्तेची शिष्यवृत्ती होती, मदत होती आणि खाली एका ओळीत सरकारी विद्यार्थी-कर्ज होतं, पहिल्या वर्षासाठी साडेतीन हजार डॉलर. कर्ज म्हणजे आज ना उद्या व्याज. जावयांनी घरसुद्धा व्याज टाळण्यासाठी अजून भाड्याचंच ठेवलं आहे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता. आमच्याही.

दुपारी कूलिज पुलावरून नदी ओलांडली. पलीकडे हॅडलीची शेतं. इथलं ॲस्पॅरॅगस प्रसिद्ध आहे, पण तेव्हा नुसती नांगरलेली काळी माती दिसत होती. मग डोंगराच्या पायथ्याने दक्षिणेकडे साउथ हॅडली. वाटेत नातीने सांगितलेली गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1802 साली या गावात प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरताना दगडावर तीन बोटांचे मोठे ठसे सापडले. लोक म्हणाले, ही हजरत नूह (अलै.) यांच्या नावेतून सुटलेल्या कावळ्याची पावलं! ते डायनोसॉरचे ठसे होते, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. भूशास्त्र शिकायला याहून चांगलं गाव कुठलं, असं ती म्हणाली, आणि तिचं मन कुठे झुकतंय याचा आम्हाला पहिल्यांदा अंदाज आला.

माउंट होल्योक 1837 चं. मेरी लायन या शिक्षिकेने हिरवी मखमली पिशवी घेऊन गावोगाव फिरून पैसे गोळा केले. फी वर्षाला 60 डॉलर, राहण्याजेवणासकट. ती कमी राहावी म्हणून स्वयंपाक, झाडलोट सगळं मुलीच करायच्या. पुण्यात सावित्रीबाईंची शाळा उघडली 1848 मध्ये. पुढे त्यांच्यासोबत फातिमा शेख शिकवत होत्या. म्हणजे काळ जवळपास तोच. कॉलेजच्या आवारातच मेरी लायन यांची कबर आहे, भोवती लोखंडी कठडा. नाना तिथे बराच वेळ उभे राहिले. मास्तरकी केलेला माणूस, वर्गणीची पिशवी त्यांनीही फिरवलेली आहे.

जुहर आणि असर तिथेच पढलो, मुसाफिर म्हणून कसर. धार्मिक कार्यासाठी असलेल्या एलियट हाउसमध्ये एका शांत खोलीत मुसल्ले घडी करून ठेवलेले होते. त्याच घराला लागून जपानी चहागृह आणि बाग आहे. हिजाब घातलेली एक विद्यार्थिनी भेटली, घरचे मूळ सोमालियाचे. नानींनी तिला सरळ विचारलं, "बेटी, हलाल जेवण मिळतं का?" ती म्हणाली, मिळतं, पण रोज तेच तेच खाऊन कंटाळा येतो. मग हसून म्हणाली, "आजी, सगळ्या हॉस्टेलांत असंच असतं." नानींना ती इतकी आवडली की पर्समधली खजुरं तिला देऊन टाकली.

नातीने दोन्हीकडे एकेका वर्गात बसून घेतलं होतं. स्मिथचा वर्ग उत्तम होता, मुली तयारीच्या, तिने वहीभर लिहून घेतलं. इथे प्राध्यापक बाईंनी पाहुणीलाच प्रश्न विचारला. तिचं उत्तर चुकलं. बाईंनी तेच चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं आणि ते बरोबर ठरायला नदीला काय करावं लागलं असतं, यावर वर्गाने वीस मिनिटं घालवली.

परतताना गाडीत वाद झाला. जावई आणि नाना स्मिथच्या बाजूने, नानी माउंट होल्योकच्या. नात गप्प. हार्टफर्डजवळ ती म्हणाली, "नाना, परिसरातल्या पाच संस्थांचा करार आहे. ॲमहर्स्ट आणि तिथलं विद्यापीठही त्यात आहे. इथे नाव घातलं तरी तिथला विषय घेता येतो, बस फुकट आहे. म्हणजे स्मिथ मला सुटत नाही." आणि कर्ज? "मी ऑफिसात विचारलं. मदतीच्या पत्रातली कर्जाची ओळ नाकारता येते, बाकीचं तसंच राहतं. तेवढे पैसे मी उन्हाळ्यात काम करून आणि कॉलेजात नोकरी करून जमवीन. कमी पडले तर तुमच्याकडे मागेन, अब्बा. व्याजाने नाही घेणार."

जावई काही बोलले नाहीत. पुढच्या पेट्रोल पंपावर मात्र ते फोनवर आकडेमोड करताना दिसले.

आम्ही तिला एवढंच सांगितलं की इस्तिखारा कर. तिने रात्री दोन रकात पढून दुआ केली. स्वप्नबिप्न काही पडलं नाही, असं ती सकाळी प्रामाणिकपणे म्हणाली, मन मात्र स्वस्थ आहे. संध्याकाळी सगळ्यांसमोर तिने माउंट होल्योकला होकार कळवला.

लेक ड्यूटीवरून तशीच आली होती, कोटही काढला नव्हता. तिने नातीला जवळ घेतलं आणि मग आमच्याकडे बघून विचारलं, "हॉस्टेलला सोडायला कोण कोण येणार?"

आमचं परतीचं तिकीट जूनचं होतं. ते सप्टेंबरवर ढकलता येईल का, व्हिसाची मुदत कधी संपते, हे जावई त्या रात्री उशिरापर्यंत बघत बसले.