अर्ध्या निमिषाची किंमत

संस्कृताच्या अध्यापनांत ज्याची उभी हयात गेली, त्यास 'निमिष' हा शब्द परका नाहीं. अठरा निमिषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचें एक अहोरात्र, हें मनुस्मृतींतील कोष्टक आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेत असूं. या हिशेबानें एका दिवसाचीं ४,८६,००० निमिषें होतात. म्हणजे एक निमिष सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याहूनही थोडें कमीच. इतक्या सूक्ष्म मानाचा संसारांत उपयोग काय, असें वर्गांतील एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी. त्याच्या प्रश्नाचें उत्तर पुढें जपानांतून आलें.

जपानच्या मिए प्रांतांत योक्काइची नांवाचें शहर आहे. तेथें संगणकांत व मोबाइलमध्यें माहिती सांठविणाऱ्या चिपांचा एक प्रचंड कारखाना आहे. पूर्वीं तो तोशिबा कंपनीचा म्हणून ओळखला जाई. आतां तो किओक्सिया या नांवानें चालतो. ८ डिसेंबर २०१० च्या पहाटे तेथें विजेचा दाब अवघ्या ०.०७ सेकंदापुरता खालीं आला. निमिषाचा अर्धा भागही नव्हे! परंतु तेवढ्यानें काम बंद पडलें, आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारींत मालाचा पुरवठा २० टक्क्यांपर्यंत घटण्याचा संभव आहे, असें कंपनीस जाहीर करावें लागलें.

ज्यांनीं आपल्याकडे भारनियमनाचीं वर्षें काढलीं आहेत, त्यांस हें ऐकून हंसूं येईल. आमच्या गांवीं तासच्या तास वीज नसे. पिठाची गिरणी थांबे, वीज आली कीं पुन्हां सुरू होई, आणि मधल्या वेळांत गव्हाचें कांहींएक बिघडत नसे. मग त्या जपानी गिरणीचें असें काय बिघडलें? हें मर्म घरांतील गृहिणींच्या ध्यानांत आमच्या आधीं येईल. दळण अर्ध्यावर टाकून उठतां येतें. चुलीवरचा पाक टाकून उठतां येत नाहीं. एकतारी पाक एकदां पुढें गेला, कीं मागून कितीही धडपड केली तरी लाडू व्हावयाचे ते दगडच होतात. चिपेचें काम या पाकाच्या जातीचें आहे.

सुमारें एक फूट व्यासाच्या सिलिकॉनच्या तबकडीवर थरावर थर चढवून व कोरून एकाच वेळीं शेंकडों चिपा घडवितात. तबकडीवर शेंकडों संस्कार व्हावे लागतात, आणि ती कारखान्यांत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दोन-तीन महिने लोटतात. कांहीं संस्कार निर्वात पेटींत, तर कांहीं धगधगत्या भट्टींत होतात. कोठें विशिष्ट वायु अगदीं मोजून सोडावा लागतो. विजेचा दाब ढळला कीं पंप अडखळतात, वायूचें माप चुकतें, उष्णतामान बदलतें; आणि त्या क्षणीं यंत्रांत असलेल्या तबकड्या वायां जातात. हवा गाळणारे पंखे थांबले, तर धुळीचा भार वेगळाच. त्यानंतर एकेक यंत्र स्वच्छ करून, तपासून, पुन्हां जुळवून घ्यावें लागतें. वीज निमिषांत परतते; कारखाना पूर्ववत् होण्यास दिवस, कधीं आठवडेही लागतात.

पुढें १५ जून २०१९ रोजीं याच योक्काइचीस वीज १३ मिनिटें गेली. कारखान्यांत भागीदार असलेल्या वेस्टर्न डिजिटल कंपनीनें आपल्या वाट्याची घट सुमारें ६ एक्साबाइट सांगितली. हा शब्द आमच्या पिढीस अपरिचित. म्हणून तो आपल्या भाषेंत सांगतों. रोमन लिपींतील एक अक्षर सांठविण्यास एक बाइट जागा लागते. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील संख्यास्थानें परार्धापाशीं, म्हणजे एकावर सतरा शून्यें देऊन, संपतात. ६ एक्साबाइट म्हणजे ६० परार्ध बाइट! जी संख्या आम्ही केवळ मोजणीची सीमा म्हणून शिकविली, तिची साठपट एवढी जागा तेरा मिनिटांच्या खंडानें बुडाली.

आतां हा तोटा आपल्या दारापर्यंत कसा पोहोंचतो, तें पाहूं. आज नासलेली तबकडी आजच्या बाजारांत यावयाचीच नसते. त्यामुळें अपघाताच्या दिवशीं दुकानें भरलेलीं असतात, आणि टंचाई भासूं लागते ती कांहीं आठवड्यांनीं, जेव्हां वृत्तपत्रांतील ती बातमी सर्वजण विसरलेले असतात. ज्या मोठ्या कंपन्यांनीं आगाऊ करार केलेले असतात व सांठाही राखलेला असतो, त्या तरून जातात. उरलेल्या मालासाठीं खुल्या बाजारांत चढाओढ लागते व भाव चढतो. शिवाय संगणक हें शंभर नाड्यांनीं बांधलेलें गांठोडें आहे. पडदा उजळणारी एखादी स्वस्त चिप आली नाहीं, तरी बाकीचा सर्व सरंजाम तिच्या वाटेकडे डोळे लावून बसतो.

फेब्रुवारी २०२१ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत हिमवादळामुळें विजेचा दुष्काळ पडला, आणि ऑस्टिन येथील सॅमसंग, एनएक्सपी व इन्फिनिऑन यांच्या कारखान्यांस काम थांबवावें लागलें. वीज थोड्याच दिवसांत आली. सॅमसंगचें काम रुळावर येण्यास मात्र मार्चअखेर उजाडली. त्यांतच महामारीमुळें जगभर घरोघरीं संगणकाची मागणी वाढलेली होती. एका बाजूनें मागणी चढती व दुसऱ्या बाजूनें पुरवठा तुटका, असें तें वर्ष होतें.

त्याच वर्षीं आमच्या घरीं पुतणीसाठीं संगणक सांगितला होता. ती वास्तुकलेची विद्यार्थिनी. महाविद्यालय बंद, आणि आराखडे पाहावयाचे ते मोबाइलच्या वीतभर पडद्यावर. दुकानदारानें तीन आठवड्यांचा वायदा केला, आठ उलटले. आमचे थोरले बंधु अण्णा संतापले. "आगाऊ रक्कम घेऊन हा मनुष्य आपल्याला झुलवतो आहे. पैसे परत आणा!" ती रक्कम धाकट्या भावजयीनें पै-पै करून जमविलेली; तेव्हां अण्णांस गप्प बसा असेंही म्हणवेना. मी दुकानीं गेलों. त्या गृहस्थांनीं वही माझ्यापुढें ठेविली. अकरा नांवें होतीं. पैकीं सहांनीं पैसे परत नेले होते. ते म्हणाले, "मास्तर, मुंबईचा व्यापारी म्हणतो माल नाहीं. त्याला कंपनी सांगते, एक भाग यावयाचा आहे. मी गिऱ्हाइकाला काय दाखवूं? वीस वर्षांत माझा वायदा चुकला नव्हता."

घरीं येऊन मीं हें सर्व अण्णांस सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत; मग "राहूं द्या पैसे," एवढेंच म्हणाले. संगणक दहाव्या आठवड्यांत आला. तोंवर पुतणीचे एका विषयाचे आराखडे मुदतींत गेले नव्हते. ते गुण गेले ते गेलेच.

कंपन्या आपल्या नुकसानीचा आंकडा प्रसिद्ध करतात. त्यांत त्या सहा परत गेलेल्या रकमा, एका दुकानदाराची उणावलेली पत आणि एका मुलीचे गुण यांची नोंद कोठेंही नसते. रागाला जवळचा मनुष्य लागतो. योक्काइचीवर किंवा ऑस्टिनवर रागावून काय करणार? म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानदारावर निघतो, आणि आपल्यासारखाच नाडला गेलेला तो मनुष्य एकटा पडतो. वायदा चुकल्यास जाब अवश्य विचारावा. परंतु त्याची वही पाहिल्यावांचून त्यास लबाड ठरवूं नये. तसेंच, वर्षाचें धान्य आपण उन्हाळ्यांत भरून ठेवतों, तद्वत् मुलांच्या शिक्षणास लागणारी अशी वस्तु गरजेच्या दोन-तीन महिने आधीं सांगून ठेवावी.

आपल्या देशांतही गुजराथेंत धोलेरा येथें मार्च २०२४ मध्यें अशा कारखान्याची पायाभरणी झाली. 'वीज काय, जाते आणि येते' असें म्हणत आमच्या पिढीनें दिवस काढले. त्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांस तसें म्हणून चालावयाचें नाहीं. त्यांस निमिषाचें कोष्टक पुन्हां शिकावें लागेल, आणि तेंही पाठांतरापुरतें नव्हे.