दातांची तार आणि मोरीवरचा दिवा

आमच्या धाकट्या मुलीचे वरचे दात पुढे होते. शाळेत मुली तिला ‘दाताळी’ म्हणत. विहारात वंदना म्हणतानाही ती ओढणीचे टोक तोंडाशी धरी. नववीत असताना भीमजयंतीला भाषण कर म्हणून सर्वांनी आग्रह केला, पण ती जागची उठली नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले की, भिशीचे पैसे आले की हिच्या दातांना तार लावायची.

खाजगी दवाखान्याचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. शासकीय दंत महाविद्यालयात तो बराच कमी येतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी महाविद्यालये आहेत, हे आपल्यातील अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. फेऱ्या मात्र घालाव्या लागतात. दर महिन्याला आमच्यापैकी एकाचा खाडा ठरलेला.

तार लागली आणि आम्हाला वाटले, आपले काम झाले. इथेच आम्ही चुकलो.

पाचव्या फेरीला डॉक्टरबाईंनी तिचे तोंड पाहिले आणि त्या गप्प झाल्या. हिरड्या सुजल्या होत्या, हात लागताच रक्त येत होते. दातावर चिकटवलेल्या टिकल्यांभोवती खडूसारखे पांढरे डाग पडले होते. टिकल्या आणि तार यांच्या आडोशाला अन्न अडकते. तोंडातले जंतू त्यातील साखर-पिठाचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताच्या कवचातील क्षार काढून घेते. आधी डाग पडतो, मग कीड लागते. बाई म्हणाल्या, “असेच चालले तर तार काढावी लागेल. दात सरळ होतील, पण किडलेले दात सरळ करून काय उपयोग?”

घरी आल्यावर आम्ही मुलीला खूप बोललो. भिशीचे पैसे काढले, खाडे काढले. ती रडत राहिली. शेवटी आजीच म्हणाल्या, “पोरीला काय बोलता? मोरीवरचा दिवा जाऊन तीन महिने झाले. अंधारात ती जायला भिते. नि पाणी सांडलं की तुम्हीच ओरडता.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दातांसाठी हजारो रुपये मोजले आणि साधा दिवा बदलला नाही! पुढे आणखी एक गोष्ट कळली. हिरड्या ठणकतात म्हणून पोर आजींच्या डबीतली मशेरी लावू लागली होती. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने ठणका दबतो, पण हिरड्या आणखी बिघडतात, सवय जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजींनी ती डबी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली. सवय सुटायला पुढे कित्येक महिने गेले.

दिवा लावला. बादली व तांब्या मोरीशी ठेवला. जेवण झाल्यावर आम्ही सगळेच तिच्याबरोबर दात घासायला बसू लागलो. डॉक्टरबाईंनी दाखवलेली रीत अशी: मऊ ब्रश आणि फ्लोराईड असलेली साधी पेस्ट घ्यावी. आधी ब्रश तिरपा धरून हिरडीपासून टिकलीच्या वरची बाजू घासावी, मग खालून वर, नंतर दातांची आतली व चावण्याची बाजू. तारेखालून फिरवायला बारीक ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. चार-पाच मिनिटे लागतात. सकाळी व रात्री घासायचेच, त्यातही रात्रीचे चुकवायचे नाही. दुपारी शाळेत निदान जोरात चूळ भरावी. रात्री पेस्ट थुंकल्यावर भरपूर पाण्याने तोंड धुऊ नये, म्हणजे फ्लोराईड दातांवर राहते. घरातले पाणीही वाचते!

चिक्की, फुटाणे, ऊस, कणीस बंद केले. पेरू फोडी करून, भाकरी कालवणात कुस्करून द्यायला लागलो. टिकली निघाली की उपचार लांबतो आणि आणखी एक खाडा होतो.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा दिल्याचे येते. दात न घासल्याने डोळ्यांना अपाय होतो, तोंडाला दुर्गंधी येते, चव नीट कळत नाही, अन्नाला कफ-पित्त लागते आणि जेवण गोड लागत नाही, असे पाच तोटे तिथे सांगितले आहेत. दंतकाष्ठ आठ बोटांहून लांब नको आणि चार बोटांहून लहान नको, एवढा बारकावाही आहे. ज्यांनी दुःखमुक्तीचा मार्ग सांगितला त्यांनी दात घासण्याला क्षुल्लक मानले नाही. आम्ही मात्र मानले होते.

पावणेदोन वर्षांनी तार निघाली. दात सरळ झाले, हिरड्या घट्ट झाल्या. दोन पांढरे डाग मात्र राहिले. ते आमच्या हलगर्जीपणाचे आहेत, तिच्या नव्हेत. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून ती रात्री प्लॅस्टिकचा साचा लावते आणि तो थंड पाण्याने, ब्रशने धुते. गरम पाण्याने तो वाकतो.

यंदाच्या जयंतीला ती बोलली. ओढणी खांद्यावरच होती.

बंधू-भगिनींनो, मुलांच्या दातांना तार लावणार असाल तर जरूर लावा. पण पैसे भरण्यापूर्वी एकदा रात्री उठून मोरीपर्यंत जाऊन या. तिथे उजेड आहे का, पाणी आहे का, ते पाहा. जयभीम!